आमच्या वळणावरची वर्दळ

ती. सौ. वन्संच्या सेवेशी,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. तुम्हीही तशाच असाल असं लिहायची पद्धत असली, तरी तुमच्या मागच्या पत्रात तुमची सर्दी, भाऊजींचा गुडघा आणि वरच्या मजल्यावरून तुमच्या न्हाणीघरात ठिबकणारं पाणी ही तिन्ही प्रकरणं अर्धवट राहिली होती, तेव्हा आधी त्यांचं पुढे काय झालं ते कळवा. भाऊजींना म्हणावं, गुडघा शेकत जा, पण आल्यागेल्या प्रत्येकाला त्याची हकिगत सांगू नका, सांगितल्यानं दुखणं वाढतं. (हे मत माझं नाही, सासूबाईंचं आहे. माझ्या मते सांगितल्यानं बरं वाटतं, म्हणून तर माझी पत्रं एवढी लांबतात.) सासूबाईंची तब्येत म्हणाल तर उत्तम आहे. इतकी उत्तम की कधी कधी आम्हा दोघांनाच धाप लागते. तुमचे बंधुराज शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरातल्या प्रत्येक गोष्टीचं चित्र काढतात आणि तिला जागेवरून हलवू देत नाहीत. परवा केळ्यांचा घड काळा पडून संपला तरी यांची छायारेषा संपेना.

तुम्ही विचारलं होतं की गेले दोन महिने पत्र का नाही. वन्सं, गेले दोन महिने आम्ही खडीच्या खाणीशी लढत होतो. लढाई संपली आणि आता सगळं शांत आहे. पण ती कशी संपली ते सविस्तर सांगितल्याशिवाय कळायचं नाही, आणि बाहेरून कळलं तर भलतंच कळेल.

तुम्ही शेवटच्या आलात त्याला आता बरीच वर्षं झाली, म्हणून रस्त्यापासून सुरुवात करते. चौकापासून खाणीपर्यंत जाणारा आपला रस्ता अजून तेवढाच आहे, म्हणजे एका गाडीपुरता. समोरून दुसरी आली की दोघांपैकी एकाला मागे जावं लागतं, आणि मागे जायला सबंध रस्त्यावर जागा एकच, आपलं फाटक. त्यामुळे गेली वीस-पंचवीस वर्षं या भागातली प्रत्येक गाडी कधी ना कधी उलटी होऊन आपल्या अंगणात शिरलेली आहे. मला माणसं चेहऱ्यापेक्षा गाडीच्या मागच्या दिव्यांवरून जास्त ओळखू येतात. माझ्या रोपवाटिकेला त्याचा फायदाच होतो, कारण अंगणात अडकलेला माणूस इकडेतिकडे बघतो आणि भिडेखातर एखादी कुंडी घेऊन जातो. वळणाच्या या बाजूला आपण आणि त्या बाजूला समोरच्या काकू, ज्यांची पूर्वी चौकात बेकरी होती. सासूबाई रोज सकाळी काठी टेकत रस्ता ओलांडून काकूंच्या व्हरांड्यात जातात. तिथे दोघी मिळून एक वर्तमानपत्र वाचतात, प्रत्येक बातमीवर भांडतात आणि जेवायच्या वेळेला सासूबाई परत येतात, त्या इतक्या ताज्यातवान्या होऊन की कुठल्या औषधानंही माणूस तसा होणार नाही. खाणीचे जे थोडे डंपर पूर्वीपासून चालत, त्यांच्या ड्रायव्हरांना हे वेळापत्रक पाठ होतं. त्यातला एक सहा फुटी धिप्पाड गडी, ज्याला सगळे भोंगा म्हणतात (आवाज चिमणीचा आहे, पण वळण आलं की हॉर्न असा लावतो की माझी गुलाबाची कलमं दचकतात), तो तर सासूबाई दिसल्या की डंपर थांबवून खाली उतरायचा आणि त्यांना हात धरून पलीकडे सोडायचा. तेवढ्या वेळात त्या त्याला दाढी वाढली म्हणून रागवायच्या.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना चौकातल्या खांबावर एक कागद लागला. खाण दुपटीहून मोठी होणार, डंपरही त्याच मानानं वाढणार, कोणाची हरकत असल्यास सुनावणीला यावं. त्याआधी रस्त्यावरच्या वाहतुकीवर काय परिणाम होईल याची एक तज्ज्ञ आठवडाभर मोजणी करतील. आता खाणमालक म्हणजे परका माणूस असता तर सोपं झालं असतं. पण तो यांचा विद्यार्थी. सातवीत ड्रॉइंगमध्ये दोनदा नापास झालेला. अजूनही हे दिसले की खुर्चीतून उठतो, "सर, बसा ना" म्हणतो आणि रुमालानं मान पुसतो. अशा माणसाच्या विरुद्ध मुठी आवळणं किती कठीण असतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. यांनी निषेधाचा एक फलक करायला घेतला. वर "डंपर आवरा" असं लिहायचं आणि खाली एक भयंकर डंपर काढायचा. पण यांच्या हाताला भयंकर जमेना. टायरवर उजेड कसा पडतो, चिखलाच्या थरात किती छटा असतात, यात तीन आठवडे गेले आणि शेवटी जो डंपर तयार झाला तो इतका देखणा, इतका सालस दिसत होता की बघणाऱ्याला वाटावं, येऊ देत बिचारे, अजून चार येऊ देत.

मग आपल्या पुढच्या खोलीत सगळ्यांची बैठक झाली. गुरांचे डॉक्टर, केशकर्तनालयवाले, निवृत्त बँकवाले, टेकडीवरचे दोघे सख्खे भाऊ (जे एका विहिरीवरून नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते आणि बैठकीतही एकमेकांना निरोप माझ्यामार्फत देत होते), असे सगळे आले. प्रत्येकाचं म्हणणं खरंच होतं. रस्ता अरुंद, वळण आंधळं, शाळेची मुलं पायी जातात, धूळ इतकी की मला आत्ताच रोपांची पानं पुसावी लागतात. पण बँकवाल्यांनी शंका काढली. ते म्हणाले, मोजणी होणार ती गाड्यांची, आणि आपल्या रस्त्यावर गाड्या आहेत कुठे? मोजायला आलेला माणूस दिवसभर बसून कंटाळेल आणि लिहून टाकेल की रस्ता रिकामाच पडलाय, हवे तेवढे डंपर सोडा. हे ऐकता ऐकता तुमच्या बंधुराजांना कल्पना सुचली. (लग्नाला इतकी वर्षं झाली, तेव्हा मला यांच्या चेहऱ्यावरून कल्पना येताना दिसते. मी चहाचं निमित्त करून विषय बदलायला हवा होता, पण साखर संपली होती.) हे म्हणाले, "मग रस्ता भरलेला दिसला पाहिजे. त्या आठवड्यात आपण सगळ्यांनी गाड्या काढायच्या आणि नुसतं ये-जा करत राहायचं. एवढी गर्दी बघितल्यावर कोण म्हणेल अजून डंपर आणा म्हणून?" खोलीतल्या खोलीत टाळ्या पडल्या. फक्त काकू उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खोटं ते खोटं. मी येणार नाही." आणि निघून गेल्या. सासूबाईंनी त्यांच्या पाठीकडे बघून "हिला गाडी लागते, म्हणून तत्त्व आठवलं" असा शेरा मारला, तो दुर्दैवानं फाटकापर्यंत ऐकू गेला.

मोजणीदार सोमवारी आला. अतिशय सज्जन, सडपातळ, पिवळं जाकीट घातलेला मध्यमवयीन माणूस. त्यानं रस्त्यावर चाकं मोजणारी एक काळी रबरी नळी आडवी टाकली, वळणावरच्या खांबाला कॅमेरा लावला आणि आपल्या फाटकाशी खुर्ची मांडून बसला. मी त्याला पहिल्याच तासाला चहा दिला, कारण आपल्या फाटकाशी बसलेल्या माणसाला चहा द्यायचा नाही हे मला जमत नाही. पुढे दर दोन तासांनी द्यावा लागला. तो इतक्यांदा आभार मानायचा की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि इकडे आमची वर्दळ सुरू झाली. डॉक्टरांची जीप चौकाकडे, बँकवाल्यांची निळी गाडी खाणीकडे, केशकर्तनालयवाल्यांची तीनचाकी मध्येच, टेकडीवरच्या धाकट्याचा ट्रॅक्टर रिकामी ट्रॉली खडखडवत. चौकात वळसा घ्यायचा, घोटभर चहा प्यायचा आणि परत. बँकवाले तर प्रत्येक फेरीला टोपी बदलायचे. आमची जुनी गाडी हे चालवत होते, आणि सासूबाई म्हणाल्या, मलाही बघू दे काय चाललंय ते, म्हणून शेजारी बसल्या.

वन्सं, इथेच सगळं बिघडलं, किंवा आता मागे वळून बघितलं तर इथेच सगळं जमलं. सासूबाईंना ते आवडलं. त्या किती वर्षं या रस्त्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जात होत्या, पण रस्त्यानं कुठे गेल्याच नव्हत्या. चौकात आमची गाडी थांबली की त्या उतरून डॉक्टरांच्या जीपमध्ये बसायच्या, खाणीशी जीप वळली की बँकवाल्यांकडे. "तुझी गाडी मऊ आहे," "तुझ्यात ऊन लागतं," "तू फार बोलतोस, पुढे बघ," असं प्रत्येकाला सांगत त्यांनी आठवडाभरात एकही वाहन सोडलं नाही. ट्रॅक्टरवर बसल्या तेव्हा मी अंगणातून ओरडले, तर त्यांनी मला हात हलवून दाखवला, एखादी मंत्रीणबाई दौऱ्यावर निघाल्यासारखा. काकू आपल्या व्हरांड्यात एकट्या वर्तमानपत्र वाचत बसलेल्या असायच्या आणि सासूबाई त्यांच्यासमोरून दिवसातून कितीतरी वेळा जायच्या. दोघी एकमेकींकडे बघायच्या नाहीत, आणि तेही इतकं ठरवून की मोजणीदारानंसुद्धा मला विचारलं, "या दोन आजींचं काही वाकडं आहे का?" बाकी मात्र सगळीकडे विलक्षण मौज चालली होती. टेकडीवरच्या थोरल्याची गाडी दुसऱ्याच दिवशी बंद पडली, तेव्हा फेऱ्यांत मागे पडायला नको म्हणून तो नाइलाजानं धाकट्याच्या ट्रॅक्टरवर चढला. पहिल्या फेरीला दोघं दोन दिशांना तोंडं करून बसले होते. तिसऱ्या फेरीला विहिरीवरून भांडत होते, म्हणजे निदान थेट बोलत तरी होते. शेवटी शेवटी भांडण संपलं असावं, कारण ट्रॅक्टर आला की हसण्याचा आवाज आधी यायचा.

गुरुवारी मात्र कहर झाला. चौकाकडून येणारे आणि खाणीकडून येणारे असे आमचे दोन्ही तांडे नेमके आपल्या वळणावर समोरासमोर आले, आणि कोणीच मागे जाईना, कारण मागे पुन्हा कोणीतरी होतंच. आपल्या अंगणात आधीच तीनचाकी अडकलेली. त्या सगळ्यांच्या मागे खडीनं भरलेला भोंग्याचा डंपर. या रस्त्याच्या जन्मात पहिल्यांदा वाहतूक तुंबली, वन्सं, आणि ती तुंबवणारे सगळे एकमेकांना नावानं ओळखणारे! भोंगा खाली उतरून आपल्या चिमण्या आवाजात "मास्तर, तुम्ही घ्या ना जरा, डॉक्टर, तुम्ही जरा" करत होता, पण ऐकणार कोण? शेवटी सासूबाईंनी जीपच्या खिडकीतून काठी बाहेर काढली आणि एकेकाला मागे घ्यायला लावलं. तुमच्या बंधुराजांना तर त्यांनी सगळ्यांदेखत "गाढवा, डावीकडे!" म्हटलं, आणि हे डावीकडे गेले. तासाभरानं रस्ता मोकळा झाला. मोजणीदार इतका वेळ भराभर लिहीत होता. जाताना त्यानं हात जोडले. म्हणाला, "बाई, एवढ्या आडवळणाला इतकी वर्दळ मी नोकरीत पाहिली नाही." त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी विजय साजरा केला. काकूंच्या घरात दिवा होता, पण दार बंद होतं.

आणि मग अहवाल आला. हे तो पुढच्या खोलीत मोठ्यानं वाचायला लागले आणि वाचता वाचता यांचा आवाज भोंग्यासारखा बारीक होत गेला. त्यात लिहिलं होतं की स्थानिक रहिवाशांना प्रवासाची असाधारण आवड असून हा रस्ता मुळातच अत्यंत वर्दळीचा आहे. इतक्या वर्दळीत खाणीचे वाढीव डंपर म्हणजे किरकोळ भर, ती कोणाच्या ध्यानातही येणार नाही. सबब विस्ताराला हरकत नसावी. एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण मोजणीदार भला माणूस! त्यानं आमच्याच सोयीसाठी पुढे शिफारस केली होती की रहिवाशांची रोजची कोंडी लक्षात घेता वळणावर रस्ता दुपदरी करावा, आणि त्यासाठी एका बाजूनं रोपवाटिकेची शेड आणि दुसऱ्या बाजूनं समोरच्या घराचा व्हरांडा काढून टाकावा. सोबत नकाशा होता. काकूंच्या व्हरांड्यावर तांबड्या शाईची फुली होती. वन्सं, करायला गेलो एक आणि झालं भलतंच, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण तिचा नकाशा पहिल्यांदाच बघितला.

पुन्हा बैठक झाली, पण यावेळी चहाला कोणी हात लावला नाही. खरं सांगावं तर सगळ्यांनी मिळून सरकारी मोजणीची थट्टा केली असं होणार, न सांगावं तर शेड आणि व्हरांडा जाणार. आपलेच दात आपलेच ओठ. डॉक्टर म्हणाले, नुसतं बसू आणि काय होतं ते बघू. भित्र्या माणसांचं एकमत फार लवकर होतं. सासूबाई कोपऱ्यात बसून होत्या. त्यांनी एकदाच विचारलं, "व्हरांडा म्हणजे सबंध? पायऱ्यांसकट?" हे हो म्हणाले. त्यानंतर त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला त्या काठी घेऊन फाटकापर्यंत गेल्या, समोर बघत उभ्या राहिल्या आणि परत आल्या. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाल्या, "काही नाही, गाड्या फार आहेत." रस्त्यावर तेव्हा एक कोंबडी होती.

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. मुलांच्या बुटक्या बाकांवर आम्ही गुडघे हनुवटीला लावून बसलो होतो. समोर अधिकारीबाई, पिकलेल्या केसांच्या, चष्मा नाकावर घसरलेला, चेहऱ्यावरून कळेना की दमल्या आहेत की हसू दाबतायत. एका बाजूला खाणमालक रुमाल घेऊन. हे आत आले तसा तो सवयीनं उठून उभा राहिला, मग आपण विरुद्ध पक्ष आहोत हे आठवून बसला, मग ते बरं दिसेना म्हणून पुन्हा अर्धवट उठला आणि सबंध वेळ तसाच राहिला. मोजणीदारानं आपला अहवाल वाचला आणि मग, पुरावा म्हणून, कॅमेऱ्यानं टिपलेली छायाचित्रं भिंतीवर दाखवायला सुरुवात केली. डॉक्टरांची जीप. बँकवाल्यांची गाडी. तीनचाकी. आमची गाडी. ट्रॅक्टर. पुन्हा जीप. चित्रं छान स्वच्छ आली होती. अधिकारीबाईंनी चष्मा वर सरकवला.

"जरा मागचं दाखवा," त्या म्हणाल्या. "आता त्याच्याही मागचं. या प्रत्येक गाडीत पुढे एकच आजी कशा काय बसल्या आहेत?"

मोजणीदार भिंतीजवळ गेला, वाकून बघू लागला. बिचाऱ्याचे कान लाल झाले. "बाई," तो म्हणाला, "मला वाटलं, या भागात आज्या पुष्कळ आहेत."

मागून कोणाचं तरी हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. आम्ही सगळे आपापल्या बुटांकडे बघत होतो. यांनी तर डोळेच मिटून घेतले होते. तेवढ्यात काठीचा आवाज झाला आणि सासूबाई उभ्या राहिल्या.

"पुष्कळ नाहीत. एकच आहे. ती मी."

"आजी, तुम्ही एवढ्या सगळ्यांबरोबर कुठे जात होतात?"

"चौकापर्यंत. आणि परत. आणि पुन्हा चौकापर्यंत." सासूबाईंनी एकदा आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. "यांना कुठेही जायचं नव्हतं. रस्ता भरलेला दिसावा म्हणून फिरत होते. मला गाडीत बसायला आवडलं, म्हणून मी फिरत होते. चूक आमची आहे, या पिवळ्या जाकिटवाल्याची नाही, तो भला माणूस आहे. आमच्या रस्त्यावर गर्दी बिर्दी काही नसते. म्हणून तर मी या वयात तो एकटी ओलांडते. तुम्ही डंपर वाढवले आणि रस्ता रुंद केला, तर मी ओलांडणार कशी? आणि ओलांडून जाणार कुठे? हिचा व्हरांडाच पाडला तर?" मग त्या काकूंकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तू म्हणाली होतीस ते बरोबर होतं. गाडी लागण्याबद्दल मी बोलले ते चुकलं."

काकू दोन बाकं सोडून बसल्या होत्या. त्या समोर बघतच म्हणाल्या, "बैस आता. पाय दुखतील." वन्सं, एवढंच. पण मी पदर डोळ्यांना लावला, आणि शेजारी बघितलं तर तुमच्या बंधुराजांचेही डोळे भरलेले. (नंतर विचारलं तर म्हणाले, भिंतीवरचा प्रकाश फार होता.)

पुढे सगळेच बोलायला लागले, जणू कोणी बूच काढलं. भोंगा दारात उभा होता, तो म्हणाला, भरलेला डंपर वळणावर थांबवताना मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबतो, समोर कोण असेल सांगता येत नाही, डंपर वाढले तर नवे ड्रायव्हर येतील, त्यांना या आजी कोण हे कुठे ठाऊक असणार? खाणमालकानं आपल्याच नोकराकडे एकदा बघितलं. मग रुमाल खिशात ठेवून यांना म्हणाला, "सर, तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत? मी सातवीतसुद्धा सांगितलेलं ऐकत होतो, फक्त जमत नव्हतं." अधिकारीबाईंनी आम्हाला सगळ्यांना चांगलं फैलावर घेतलं. पुन्हा असला प्रकार केलात तर दंड करीन म्हणाल्या. पण त्यांनी जुनी मोजणी रद्द केली आणि नवी करायला लावली. या वेळी आम्ही सगळे आठवडाभर घरात बसलो. (मोजणीदार पुन्हा आपल्याच फाटकाशी बसला. पहिल्या दिवशी चहा घ्यावा की नाही असा त्याला प्रश्न पडला होता. दुसऱ्या दिवसापासून दोन कप घ्यायला लागला.) नव्या अहवालात थोड्या गाड्या, शाळेची मुलं, भटकी गुरं आणि "काठी घेतलेली एक ज्येष्ठ महिला, नियमित" एवढीच नोंद आहे.

निकाल मागच्या आठवड्यात लागला. खाण वाढणार, पण मागितली होती त्याच्या निम्मीच. भरलेले डंपर खाणीच्या मागच्या अंगानं, मालकाच्या स्वतःच्या जमिनीतून नवा रस्ता काढून बाहेर पडतील. तो होईपर्यंत सकाळी शाळेच्या आणि वर्तमानपत्राच्या वेळात आपल्या रस्त्यानं डंपर यायचा नाही. दुपदरीकरण रद्द, व्हरांडा जिथल्या तिथे, शेडही. फक्त वळणावर गाडीला बाजूला उभं राहता यावं म्हणून एक खाच करायची आहे, म्हणजे आपल्या फाटकाची नोकरी गेली. मला जरा वाईटच वाटतंय. यांचा तो फलक खाणमालकानं मागून नेला आणि आपल्या कचेरीत खुर्चीच्या मागे लावला. "डंपर आवरा" हे शब्द त्यानं पुसले नाहीत, आणि हे त्याबद्दल इतके खूश आहेत की आता खाणीचं मोठं निसर्गचित्र काढायला रोज तिकडे जातात. टेकडीवरचे भाऊ विहीर मिळून उपसतायत. संध्याकाळी कधी कधी डॉक्टर जीप घेऊन येतात आणि सासूबाईंना विचारतात, आजी, चौकापर्यंत येता का. मग काकूही जातात. त्यांना खरंच गाडी लागते, पण खिडकीशी बसल्या तर चालतं.

तर असं सगळं गोड झालं आहे. मी वाफ्यांना नवी माती घातली, पानांवर धूळ कमी आहे, आणि बऱ्याच वर्षांनी मला वाटतंय की आपण राहतो ती जागा बरी आहे. मुलांना आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार, आणि तुमच्यावर तर माझा लोभ आहेच, तसाच तुमचाही असू द्या.

तुमची,
वळणावरची भावजय

ता. क. त्या खाचेचं काम परवापासून सुरू झालं. खणायचं यंत्र नेमकं दोन घरांच्या मधोमध उभं आहे आणि सबंध वळण कमरेइतकं खोदलेलं आहे. सासूबाईंना पलीकडे जाता येत नाही आणि काकूंना अलीकडे. दोघी आपापल्या बाजूला खुर्च्या टाकून यंत्राच्या वरून ओरडून वर्तमानपत्र वाचतात. यंत्रवाल्यानं काल कानात कापूस घातला, आणि तो यंत्राच्या आवाजासाठी नव्हता.

आणखी एक ता. क. काम तीन आठवडे चालेल म्हणतात. तेव्हा विचारायचं होतं की तेवढे दिवस सासूबाई तुमच्याकडे राहायला आल्या तर चालेल का? त्यांना एकट्यांना करमणार नाही, म्हणून बरोबर काकू. दोघींना मिळून एक खोली आणि एक वर्तमानपत्र पुरतं. त्या माझ्याकडे काही बोलत नाहीत, पण बऱ्याच वर्षांत लेकीनं ये म्हटलं नाही, हे त्या रागानं नाही, नुसतंच, अधूनमधून म्हणतात. भाऊजींचा गुडघाही त्या बघतील. विचार करून सावकाश कळवा, घाई नाही.

शेवटचा ता. क. घाई आहे. तुमच्या मागच्या गल्लीत जो नवा पदपथ होतोय त्याची खडी आमच्या खाणीतूनच जाते असं आज सकाळी कळलं, आणि सासूबाईंना माझ्या आधी कळलं. काकूंनी यंत्रवाल्याकडून चरावर फळी टाकून घेतली, भोंग्यानं मागच्या कच्च्या वाटेनं डंपर चौकात आणला, आणि त्या दोघी आता त्यात पुढे बसल्या आहेत, बोचकी मांडीवर घेऊन, आणि मी हे आमच्या गाडीच्या बॉनेटवर कागद टेकवून लिहिते आहे. पत्र भोंग्याजवळ देते. तो आधी खाली उतरून ते तुमच्या हातात देईल, म्हणजे तुम्ही हे वाचत असाल तेव्हा डंपर तुमच्या दारात उभा असेल, आणि पहिल्या ओळीपासून इथपर्यंत येईतो त्या दोघी वरच बसून असतील. सासूबाईंनी बजावलं आहे की लेकीनं बाहेर येऊन "ये" म्हटल्याशिवाय त्या पाय खाली ठेवणार नाहीत. तेव्हा वन्सं, कृपा करून आधी बाहेर या. पायरी फार उंच आहे, खालून भोंगा धरेल, वरून कोणीतरी हात द्यायला हवा. तुमची गल्ली अरुंद आहे, मागे गाड्यांची रांग लागली असेल, लोक काहीबाही बोलत असतील, तिकडे लक्ष देऊ नका. भोंग्याला मी शहरात हॉर्न वाजवायचा नाही असं निक्षून सांगितलं आहे आणि तो शब्दाचा पक्का आहे. त्यामुळे आत्ता बाहेरून जो आवाज येतोय तो सासूबाई वाजवतायत.